फोन लागलाच नाही तर?

आदरणीय अध्यक्ष आणि आमचे प्राचार्य मोहनसिंग पवार सर, प्रमुख पाहुण्या निताताई देशमुख, व्यासपीठावरील गुरुजन, आज ज्यांच्यासाठी हे सभागृह भरलं आहे ते निवृत्त होणारे भौतिकशास्त्र प्रयोगशाळेचे परिचर देवमन इंगोले, म्हणजे आम्हा सगळ्यांचे देवमनकाका, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या सोजरबाई काकू, आणि मानोऱ्याच्या या उन्हात वेळेवर आलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी सपना राठोड. इथून चार किलोमीटरवरच्या तांड्यावरची, याच महाविद्यालयात शिकलेली. सध्या नागपूरला क्वांटम भौतिकीत संशोधन करते. काकांच्या एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल माझ्याआधी पुष्कळ बोलून झालं. मला फक्त एका दुपारविषयी बोलायचं आहे.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी इथल्या प्रयोगशाळेत येऊन बसायची. घरी पाहुणे, इथे फळा आणि शांतता. माझा पहिला शोधनिबंध लिहून झाला होता. बंगळूरच्या परिषदेनं तो स्वीकारला होता, रेल्वेचं तिकीटही निघालं होतं. काका भिंगं पुसत होते. त्यांनी विचारलं, "सपना, काय लिवून राह्यली एवढं?"

मला सांगायची हौस! म्हटलं, काका, समजा एक प्रयोगशाळा मानोऱ्याला आणि एक रिसोडला. प्रकाशकणांची एक जोडी तयार केली. एक कण इथे ठेवला, दुसरा तिकडे पाठवला. कणांच्या अंगी एक गुण असतो, त्याला कोहेरन्स म्हणतात, मराठी पुस्तकांत सुसंगती. तो असला की कणाकडून विलक्षण कामं करून घेता येतात. आता इथला कण एकटा पाहिला तर त्यात हा गुण सापडतच नाही. पण रिसोडवाल्यानं आपल्या कणाचं विशिष्ट तऱ्हेनं मापन केलं आणि दोन शक्यतांपैकी काय निघालं ते फोनवर कळवलं, की आपल्या हातातल्या कणात तो पुरेपूर मिळतो. दोघांची मिळून ही ठेव आहे.

काका भिंग तसंच हातात धरून उभे राहिले. "अन् फोन लागलाच नाही तं?"

मी म्हटलं, "मापन झालं म्हणजे झालं, काका."

"तसं कसं? मानोऱ्यावाल्याले कसं समजीन, तिकडं काय निंगालं? मी इथं दरसाल पाहतो ना. एक पोट्टा दुर्बिणीतून आकडा वाचते, दुसरा वहीत लिवते. वाचणाऱ्यानं सांगतलंच नाही, तं लिवणारा काय लिवीन? मनानंच लिवते!"

मागच्या रांगेत हशा का पिकला, ते मला ठाऊक आहे. मीही मनानंच लिहायची.

पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी फटकन म्हणाले, "काका, हे तुमच्या वहीतले आकडे नाहीत, गणित आहे. मला काम करू द्या." काका म्हणाले, "बरं बाई," आणि बाहेर गेले.

मग मी माझाच निबंध उघडला. सातव्या पानावर मी रिसोडचा निकाल मानोऱ्याच्या समीकरणात वापरला होता. फोन होण्याच्या आधीच! निकाल ठाऊक नसेल तर दोन्ही शक्यतांची सरासरी घ्यावी लागते. ती घेतली. इथल्या कणातल्या सुसंगतीचं उत्तर आलं शून्य. पुन्हा केलं. शून्यच. निबंधाचा अर्धा भाग तिथेच कोसळला.

काका घरी जायला एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहत होते. मी धावत गेले. म्हटलं, "काका, तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं, बोलण्यातही आणि गणितातही." ते म्हणाले, "रडून कायले राह्यली? कागदच तं हाये, दुसरा लिव."

निबंध मी मागे घेतला. तिकीट रद्द केलं. आमच्या मार्गदर्शकांनी दोन दिवस फोन उचलला नाही, तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "निरोप अर्धामुर्धाच पोचला, तर सुसंगतीचा गुण किती हाती येईल?" हा प्रश्न आम्हाला आधी का सुचला नव्हता? पुढची दोन वर्षं मी त्याच्याच मागे होते. तो निबंध छापून आला. त्यात काकांचे आभार आहेत.

गेल्या महिन्यात मी काकांना पुण्याला घेऊन गेले. तिथल्या एका प्रयोगशाळेत शेजारच्या दोन खोल्यांत हाच प्रयोग मांडलेला आहे. फोनऐवजी मधून एक वायर जाते. पहिल्या खोलीच्या पडद्यावर छान लाटा दिसत होत्या, म्हणजे तिथल्या कणांत सुसंगती होती. काकांनी तिथल्या संशोधिकेला हळूच विचारलं, "हे वायर काढू का?" ती हसून हो म्हणाली. काकांनी वायर उपसली. हळूहळू लाटा बसल्या, सपाट रेघ उरली. काका कितीतरी वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले. पुन्हा वायर लावली, लाटा उठल्या.

तेव्हा ते मला म्हणाले, "आता पटलं. मले इतके दिवस वाटे, तू माह्यं मन राखाले हो म्हणली."

अध्यक्ष महोदय, आपण मला वेळ दिलात, मंडळींनी समीकरणंसुद्धा सहन केली, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर आपली लेक समजून पोटात घ्या. आणि ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी जरूर विचारा. मी ऐकून घेईन.