भाट्याच्या वाळूत ठेवलेल्या चपला

माझं माहेर पेठच्या पुढं डोंगरात, भात न् नागलीचा मुलूख, समुद्र कसला तो आम्हाला ठाऊकच नाय. लग्न होऊन नाशकात आले, सातपूरच्या बाजूला, आमच्या बौद्ध लोकांची कॉलनी हाय तिथं. हे कारखान्यात लेथवर व्हते, मी शाळेत खिचडी शिजवायची. एकच लेक, रंजना, ती दिली सटाण्याला. चांगलं चाललं व्हतं, ताई, खोटं कशाला बोलू.

मग हे रिटायर झाले आन् दोन वर्षांत विसरायला लागले. आधी काय, चष्मा कुठं, किल्ली कुठं. मग एकदा कोथिंबीर आणाय गेले ते येईचनात. कारखान्याच्या गेटवरनं वॉचमनचा फोन आला, काकू, काका डबा नाय म्हणून रडतेत, घेऊन जा. डॉक्टर म्हणले हा विसरायचाच आजार हाय, वाढत जाणार. तवापासून दाराची कडी वाजली तरी मी उठून बघती.

विहारातल्या बायांनी रत्नागिरीची सहल काढली, जोडप्यानं चला म्हणल्या. मी नाय म्हणत व्हते. रंजना म्हणली, आई, पप्पा आपल्याला ओळखतेत तवर फिरवून आण त्यांना. ते ऐकून तर मला आणखीच भ्या वाटलं, पण गेले.

काय सांगू तुम्हाला, लोकं समुद्र बघत व्हती आन् मी ह्यांचा शर्ट. किल्ल्यावर गेलो, खाली एवढालं निळं पाणी, सगळ्या म्हणतेत बघ बघ विमल, मी कसलं बघती, कठड्यापाशी ह्यांना जाऊ देईना. दीपगृहावर चढूच दिलं नाय. थिबा राजाच्या वाड्यात तेवढं बरं वाटलं, चारी बाजूनं भिंती व्हत्या. हे मात्र खुशीत. ज्याला त्याला सांगतेत, आमच्या कंपनीची ट्रीप हाय.

दिवस कलता भाट्याच्या किनाऱ्याला आणलं. लांबच्या लांब वाळू, मागं सुरूची झाडी, भरती लागलेली. मला बाथरूमला जायचं व्हतं. शेजारच्या सुमनताईंना म्हणलं, जरा ह्यांच्याकडं बघा, आलेच मी. त्या म्हणल्या जा, बसलेत की ते. त्यांचं तरी काय चुकलं, नात पाण्यात पळाली म्हणून त्या मागं धावल्या, तेवढ्यात व्हायचं ते झालं. मी आले तर हे नायत. पाण्याच्या कडेला ह्यांच्या चपला, जोडीनं नीट ठेवलेल्या, आपण दाराशी काढतो तशा. आन् पुढं पावलं, सरळ पाण्याकडं गेलेली. मी बघते तवर एक लाट आली आन् ती पावलं पण पुसून गेली.

मी गुडघ्याएवढ्या पाण्यात शिरले लुगड्यासकट, नुसती अहो, अहो करून वरडती. तर चार परके पुरुष वळून बघाय लागले, हे कुठं नायत. लाटंत कायतरी काळं दिसलं की वाटायचं डोकं हाय. झाडाची फांदी निघायची. सहलीचे मॅनेजर म्हणले पोलिसांना कळवू. पोलीस म्हणल्यावर मी मटकन खालीच बसले. रंजनाला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात फिरत व्हतं.

आन् तेवढ्यात लांबून कुणीतरी माझ्या नावानं हाक मारतंय. विमल, ए विमल, कोण हाय विमल? बघते तर एक कोळीण, काष्टा घातलेली, झपाझप वाळू तुडवत येती, आन् तिनं ह्यांचा हात धरलेला. हे शांत. पँट ढोपरापर्यंत भिजलेली.

ती म्हणली, पाण्याच्या कडंकडंनं खाडीच्या तोंडाकडं चालले व्हते, तिकडं वढ लय, मी मागं आणून होडीच्या सावलीला बसवले, चहा पाजला. म्हणतेत कंपनीची बस येईल, फर्स्ट शिफ्ट हाय. पाच वेळा नाव विचारलं, बाबा, तुमचं नाव काय, तर पाची वेळा म्हणले, विमल. मला वाटलं बायकोचं असणार, म्हणून तेच वरडत आले.

मी तिच्या गळ्यातच पडले. मासळीचा वास, घाम, सगळं माझ्या अंगाला लागलं. ती माझी पाठ थोपटत म्हणली, गप बाय, घावला ना तुझा माणूस. तिचं नाव विचारायचं सुदीक मला सुचलं नाय.

आता ह्या गोष्टीला वर्ष व्हत आलं. आता दाराला वरनं आणखी एक कडी लावली. ह्यांच्या गळ्यात रंजनानं फोन नंबरची पट्टी घातली. मी आंघोळीला गेले तरी आतनं बोलत राहती, हे हूं म्हणाले की मग पाणी अंगावर घेती. कधी हूं यायला उशीर होतो, तेवढ्यात जीव जातो न् येतो. त्या बाईची मात्र रोज आठवण येती. विहारात वंदनेला बसले की सगळ्यांसाठी म्हणती, तिच्यासाठी वेगळं म्हणती. तिचं मंगल होवो, तिची होडी सुखरूप येवो.

परवा टीव्हीवर समुद्र लागला. हे बघत बसले, कितीतरी वेळ. मग मला म्हणतेत, विमल, आपण समुद्र कधी बघितलाच नाय ना गं?

मी म्हणलं, नाय बघितला. जाऊ एकदा.