बंद पडलेलं बटण

चहा निवला तरी चालेल, पण हे ऐका. आमच्या बर्फाच्या कारखान्यात मासेमारी बोटींची बर्फाची मागणी नोंदवायचा प्रोग्राम मी स्वतः लिहिलाय, साठीनंतर शिकून, कुणाच्या पाया न पडता! तिथे नोंदी करणारी सुमन 'सेव्ह'चं बटण हटकून दोनदा दाबायची, मग एकाच बोटीला दुप्पट बर्फ जायचा. मी चिडून असं केलं, की एका क्लिकनंतर बटण बंदच. वर तिला दटावलं, "आता पुन्हा दाबलंस तर बघ!"

नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीला बाकी सगळ्या बोटी निघाल्या. सुमनचा भाऊ मात्र आपल्या बोटीपाशी धक्क्यावर उभा, आणि त्याच्या नावावर बर्फच नाही.

मी कडाडले, "भावाचीच नोंद विसरलीस गो?"

"केली होती, आजी. बोटीचा नंबर राहिला म्हणून स्क्रीनवर मेसेज आला. नंबर भरला, तर बटण बंद."

चूक दाखवल्यावर बटण पुन्हा चालू करायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग मला हाक मारायचीस!"

"तुम्ही ओरडाल असं वाटलं."

तोवर सगळा बर्फ वाटून संपला होता, भावाची बोट त्या दिवशी धक्क्यालाच राहिली. बटण मी लगेच दुरुस्त केलं. सुमन मात्र अजूनही, काही अडलं तरी मला विचारत नाही.