गादीवरचा उपास

—नाई हो पुंजाजी, कपडा मापाचा गज कायचा वाकडा! चष्म्याची काच पुसा पह्यले. फूलचंदच्या दुकानात गज वाकडा असते का? अख्ख्या शेलूबाजारात कोनालेबी इचारा — जीपवाल्याले इचारा, भाजीवाल्या बाईले इचारा — दुसरं काहीबी म्हनतीन, पन फूलचंदनं मापात मारलं असं कोनी म्हननार नाई. बसा. बसा नं, असे उभे काहून? या गादीवर — अच्छा, हाव, इसरलोच मी, तुमाले खाली बसाची मनाई हाय नं आता. मंग त्या खुर्चीवर बसा. नवीच हाय. माह्या पोरानं, पुनीतनं आनली अकोल्याहून, प्लास्टिकबी नाई काढलं अजून. गिऱ्हाइकासाठीच आनली, दुसऱ्या कोनासाठी नाई. आरामशीर हाय म्हनतात. मले काय मालूम, मी कायले बसतो तिच्यावर!

हं, तं काय म्हने, पनतूचं बारसं, रिठदले? वा! पनतू पाह्यला म्हंजे सोन्याची फुलं उधळली पाह्यजेत तुमच्यावर. धोतरजोडी पाह्यजे, बारीक काठाची — हाय नं, कायले नसन. वरच्या फळीवर हाय. हे गमछे पाहा तवरिक. हा लाल पाहा, रंग जाईन तं वापस आना. नको? टोपी? टोपीबी नको. धोतरच. काय मानूस हाय बाप्पा, एकच धरून बसते! काढून देतो नं, उठतो, घाई कायची? नोकर गणेश असता तं आतालोक काढलं असतं, पन तो गेला सासुरवाडीले, अन् पुनीत वाशिमले, माल आनाले. मी एकटा. गोष्टी तं करा जरासक. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुमी पह्यल्यांदाच आले दुकानात — मी पाह्यलं तुमाले पायऱ्या चढताना. कठड्याले हात नाई लावला तुमी. खटखट चढले. खरं सांगू? जळलो मी. सत्तरीच्या वरचा मानूस असा चढते अन् मी — नाई, मले तसं काई नाई. जरासं कसकसते खुब्यात, एवढंच.

तुमाले कोन सांगतलं? पुनीतनं? त्या पोट्ट्याच्या तोंडात तीळ भिजत नाई. हाव, नेलं होतं त्यानं मले अकोल्याले. त्याची गंमतच झाली. वर्षभर माहा गुडघा दुखे, तं मी गुडघ्याले तेल चोळू, गुडघ्याले पट्टा बांधू, रातच्यानं माही बायको पानाबाई गरम विटेचा शेक दे — अन् डाक्टर म्हने, शेटजी, तुमचा गुडघा एकदम चांगला हाय, बिमारी खुब्यात हाय, तिचं दुखनं गुडघ्यात उतरते. घ्या! दुखनं हाल्याले अन् इंजेक्शन पखालीले! मंग तो मोठा फोटो काढला, त्या नळीत घालून. दाखोला मले. खुब्यात हाडाचा गोळा असते नं, त्याचं रक्तच बंद झालं म्हने, बोरीची फांदी झाडावरच वाळते तसा वाळला तो. लवकर आले असते तं हाडाले बारीक भोक पाडून रक्त खेळवाचा परयत्न केला असता, आता गोळा चेपला. आता बदलाच लागते. म्या म्हनलं, बिना ऑपरेशनचा काई इलाज असन तं सांगा. भला मानूस हाय, रागावला नाई. म्हने, वाळलेला गोळा तं हिरवा होनार नाई, पन दुखनं जरा आवरता येईन — काठी घ्या, दुखत्या पायाच्या उलट्या हातात. वजन उतरवा. कसरत शिकवतो ते रोज करा. जमिनीवर बसू नका, उकिडवं तं बिलकुलच नाई, संडास इंग्लिश करून घ्या. तं म्या म्हनलं हेच बरं. चिरफाड नको. तेच चालू हाय.

काठी? हाय नं काठी. ते काय कपड्याच्या थानाइच्या मांगं. दुकानात काठी टेकत हिंडलं तं गिऱ्हाईक काय म्हनन, शेटजीचं सपलं आता. अन् खुर्ची — खुर्चीवर तं तुमी बसले. संडास इंग्लिश करून घ्याचा हाय, मिस्तरीले सांगाचं राह्यलं. कसरत... तुमी डाक्टर हाय का पुंजाजी? एकेक काय इचारून राह्यले? वजन उतरवलं नं मी, ते नाई दिसत तुमाले? पाहा हा सदरा कसा लोंबते.

गादी काहून नाई सोडत म्हनता. तुमाले नाई समजनार ते, तुमचं वावर, तुमी खाटेवर बसा नाईतं बांधावर बसा, वावर तुमचंच राह्यते. आमचं तसं नाई. माहा बाप याच गादीवर बसे, याच लोडाले टेकून. तो म्हने, फूल्या, गादीवर बसला तो मालक, खुर्चीवर बसला तो मुनीम. गिऱ्हाईक येते, चप्पल काढते, मांडी घालून समोर बसते, थान उलगडते, सुखदुःखाचं बोलते — हे दुकान हाय. पुनीतच्या डोक्यात काचेचं काउंटर हाय, फिरती खुर्ची हाय. डाक्टर म्हने, नवीन खुबा टाकला तरी शेटजी, मांडी घालाचं इसरा. मंग मी उठलो इथून का गादी उचलतेच तो. मले कुठी बसवन? दाराशी, त्या खुर्चीवर, आल्यागेल्याले राम राम कराले. आपल्याच दुकानात गिऱ्हाईक होऊन बसू काय मी, पुंजाजी? अन् सामायिक, आमचं जैनाइचं ध्यान? रोज सकाळी आसनावर बसून दोन घडी सामायिक करतो मी, लहानपनापासून. आमच्या जैन स्थानकात खुर्चीवर बसनाऱ्याची रांग वेगळी असते, भिंतीले लागून. तिकडे जाऊन बसू?

चहा नको, नको, हाक मारू नका त्या चहावाल्याले. पानीबी नको. मले उपास हाय. आज बेला हाय — म्हंजे लागोपाठ दुसरा उपास, अन् तोबी चौविहार, पान्याचा थेंब नाई. आमच्यात करतात. पर्युषणात तं सारेच करतात, पन फूलचंदनं पर्युषण सरल्यावरबी सोडलं नाई म्हनून लय कौतुक हाय माहं. महासतीजी, आमच्या साध्वी, चातुर्मासाले हाय नं इथं, त्याइनं वखानात, प्रवचनात माहं नाव घेतलं. मी पच्चक्खाण, म्हंजे उपासाचा नेम, घ्याले गेलो तं उभ्यानंच हात जोडून घेतलं, तं लोक म्हनतात काय विनय हाय पाहा, महासतीजीपुढे बसलेबी नाई! पानाबाई तं निरानाम फुलली. चाळीस-पन्नास वर्षं मले म्हने, तुमी नुसते गल्ल्याचे भक्त. आता शेजारनीले सांगते, आमचे हे तपस्वी झाले. बसलो नाई! अहो, बसलो असतो तं उठवलं कोन असतं मले? अन् पानी पेलं का जा लागते मांगं, अन् मांगचा संडास देशी, तिथं उकिडवं — त्यापेक्षा पानीच नाई पेलं तं —

काय म्हनलो मी? काई नाई म्हनलो. धरमाची गोष्ट हाय, तुमी तिच्यात पडू नका. उपास तो उपास. पोट तं रिकामंच राह्यते नं? भूक तं खरीच लागते नं? मंग? ... असे पाहू नका माह्याकडे. हाव. हाव, मालूम हाय मले. नवऱ्यानं बायकोशी खोटं बोलावं, ते चालते, सारेच बोलतात. देवाशी बोललो मी. पच्चक्खाण घेऊन बोललो. तिनं हात जोडले हो मले काल, पुंजाजी. माह्या बायकोनं. वाकून पाया पडाले गेली, अन् मी पाय मांगं घेऊ शकलो नाई, काहून का पाय हलतच नव्हता.

त्या गजाचं म्हनत होते नं तुमी. वाकला हाय. सकाळी वाकला. रोज मी सारे याच्या आंधी येतो, कपाट धरून बसतो हळूच, अन् सारे गेल्यावर गज टेकून उठतो. काठी नाई, गज — गज हातात असला तं शेटजी माप घेऊन राह्यले असं वाटते. आज दुपारच्या आंधी उठाले गेलो, गज टेकला, तं खुब्यात कटकन वाजलं अन् गज वाकला अन् मी असा बसलो तो बसलो. तव्हापासून बसूनच हाय. तीन गिऱ्हाईकं आली, हाताजवळचं होतं ते देलं, नव्हतं त्याले म्हनलं उद्या या. एक बाईले तं याच गजानं खणाचा कपडा मापून देला. वाकल्या गजानं कपडा कमी जाते, पुंजाजी. तिचं नावबी नाई मालूम मले. जिंदगीत पह्यल्यांदा.

नाई, हात देऊ नका! वाकू नका तुमी, तुमाले डाक्टरनं — बरं, द्या. हळू. हळू हो... आईइ गं! सोडा. सोडा, राजेहो, सोडा! ... नाई होत. तुमीबी पडसान अन् दोघं इथं आडवे दिसू. पुसतो, पुसतो, घाम हाय तो, डोळ्यात गेला. एक सांगा मले. भेव वाटलं होतं का तुमाले, आत नेताना? ... नाई वाटलं म्हनान वाटलं मले. एवढं वाटलं? अन् उठले कव्हा? दुसऱ्याच दिवशी? चार पायाचं ते वाकर धरून? अन् आता पंगतीत कसं करता? सारे खाली अन् तुमी एकटे खुर्चीवर, लाज नाई वाटत? ... काय म्हनता, वाढनारीले वाकाची मेहनत वाचली म्हनून पोळी एक जास्त पडते! हसवू नका हो. हसलं तरी दुखते.

थांबा. आयका. आल्या वाटते. बांगड्याचा आवाज हाय, पानाबाईचाच हाय, अन् संग चार-पाच जनी असतीन. तपस्व्याची शाता पुसाले येतात आमच्यात — शाता म्हंजे सुख, आराम. येतात, हात जोडतात, पुसतात, शाता हाय का? आपन म्हनाचं, देव-गुरूच्या किरपेनं शाता हाय. झालं. मंग गीत म्हनतीन. उद्या पारन्याले अख्खा मोहल्ला बलावला तिनं, मुगाचं पानी, पिठाची पातळ राब, काय काय करून ठेवलं. पुंजाजी, तुमी निंगा आता. ते धोतर — स्टुलावर नका चढू! ती थानाइच्या मांगची काठी घ्या, तिच्या मुठीनं ओढा वरून. हं. डाव्या हाताचं. पडलं? तेच. घेऊन जा, बारशाले नेसा, हिसाब मंग करू. काठी तिथंच ठेवा. नाई — इकडे द्या. इथं, माह्या जवळ, लोडाखाली. नाई, लोडाखाली नका, राहू द्या अशीच. अन् तिले काई सांगू नका. मी पाहून घेतो. जा नं हो! कायले खांबासारखे उभे राह्यले?

या, या. या हो साऱ्या जनी. हे पुंजाजी, निंगालेच हाय ते. ... हाव. जय जिनेंद्र. हाव, बेलाच हाय. देव-गुरूच्या किरपेनं शा... शा...

पाना, इकडे ये. जवळ ये. वाकू नको! पाया नको पडू माह्या, आयक. बायांले बाहीर थांबव जरा. गीत नका म्हनू म्हना. पुंजाजी, तुमी जाता जाता शटर अर्धं खाली ओढा.

पाना, मले उठता येत नाई व.