पितळी साच्यातली चीर

...आणि स्क्रू म्हटल्यावर तुम्ही हसणार, हसा, पण त्याआधी माफी मागून घेतो, मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, हे सगळं वहीत लिहून आणलंय, त्यात ऱ्हस्व-दीर्घ हाताला लागेल तसं टाकलंय आणि शब्द सगळे घरातलेच आहेत, तुम्हाला चुका ऐकू येणार नाहीत एवढंच माझं नशीब. तर स्क्रू. एक स्क्रू होता हो. एकच.

तुम्हाला सांगतो, आमच्या नाटे गावात माझ्या शेजारी भागूबाई काकी राहतात. जाळी विणतात, आणि जाळ्याच्या खालच्या दोरीला ज्या शिशाच्या गोळ्या लागतात, बोराएवढ्या, त्याही घरीच ओततात. त्याचा पितळी साचा त्यांच्या यजमानांनी, गंगारामकाकांनी, स्वतः केलेला. दोन भाग, पुस्तकासारखा उघडतो, आणि कडेला दोघांना धरून ठेवणारा तो एक लोखंडी स्क्रू. काका जाऊन तीन वर्षं झाली. यंदा पावसाळी मासेमारीबंदीत साचा चुलीमागे पडून राहिला, खारी हवा, स्क्रू गंजला, आणि साचा सूतभर उघडायचा आणि तिथेच थांबायचा. नारळी पुनव आठ दिवसांवर. काकी माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, "मितेश, तू होडीच्या इंजिनात हात घालतोस, एवढा स्क्रू काढून दे. पण ओरखडा येता नये हां. ह्यांच्या हातचा आहे."

ओरखडा येता नये! आता असं सांगितल्यावर माणसाचा हात सरळ राहील का? तुमचा राहिला असता?

पहिला पेचकस घेतला तो बारीक निघाला, खाचेतून सटकला आणि माझ्या अंगठ्यात गेला. अंगठा गेला तरी चालेल, साचा बघितला, साचा ठीक. माझी बहीण रुचिरा कॉलेजात जाते, तिने मोबाइलवर एक गोरा माणूस दाखवला, त्याने असाच स्क्रू आठ मिनिटांत काढला. त्याच्याकडे मशीन होतं, आणि मुख्य म्हणजे त्याला भागूबाई काकी नव्हत्या. मग सर्वेशला फोन केला, तो बंदरावर इंजिनं दुरुस्त करतो आणि बोलतो असा की डॉक्टर ऑपरेशन सांगतोय. "घाई करू नको रे. आधी सुईने खाच साफ कर. मग काडीच्या टोकाने एक थेंब तेल. एकच. साच्याच्या आत तेल गेलं तर ओतताना शिसं उडून काकींच्या तोंडावर येईल. तेल जिरू दे. मग जरा शेकव, आणि खाचेत घट्ट बसणारा पेचकस लावून आधी आवळायच्या बाजूला एक पीळ दे, मग सोड." आवळायच्या बाजूला? काढायचा आहे ना? पण तुम्हाला सांगतो, केलं. एक दिवस तेल जिरू दिलं, शेकवलं, आवळला, सोडला, आणि कुर्रर्र करून निघाला हो! डोकं शाबूत, आटे शाबूत. मी ओसरीवर एकटाच हसत बसलो.

आणि मग साचा उघडला.

आत, गोळीच्या प्रत्येक खळग्यात, एक चीर. आडवी, केसाहून जरा जाड. म्हटलं पेचकस सटकला तेव्हा आत गेला असणार! आता बंद साच्याच्या आत पेचकस कसा जाईल, आणि सहाच्या सहा खळग्यांत एकसारखा कसा जाईल, हे तुम्हाला कळतंय, मलाही आज कळतंय. पण तेव्हा कानात एकच, ओरखडा येता नये. मी काकींना जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बारीक पॉलिश पेपर घेतला आणि घासत बसलो. दुपारभर घासलं, कोणी आलं की फडक्याखाली लपवलं. आतून असा चकचकीत केला की तोंड बघावं. एक स्क्रू होता हो. एकच.

संध्याकाळी स्क्रू परत बसवून नेऊन दिला. काकींनी उघडला, अंगठा आत फिरवला, आणि अंगठा थांबला.

"चीर कुठे रे?"

"कसली चीर?" मी म्हटलं. हो, म्हटलं मी. खोटं.

काकी आत गेल्या, एक जुनी गोळी आणून माझ्या हातावर ठेवली. तिच्यावर बारीक उंचवटा, रेघेसारखा. एकदा वाऱ्यात दोन होड्यांची जाळी गुंतली, कुठलं कोणाचं यावर भांडण झालं, तेव्हा काकांनी कानशीच्या टोकाने ती चीर पाडली होती. तेव्हापासून रेघेची गोळी म्हणजे काकांचं जाळं, अख्ख्या बंदराला माहीत. मला सोडून.

मग सांगितलं सगळं, खाली बघत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नाही ओरडल्या. ती गोळी आणि साचा माझ्याच हातात दिला. "होती तशी करून आण. तुझ्या हाताचा नाय भरवसा, पण दुसरा हात आता नाय."

घरी येताना साचा जरा लटपटला. म्हटलं, चीर गेली ती गेली, निदान स्क्रूला नाव ठेवायला जागा नको. ओसरीवर बसलो आणि पिळला. अपराधी माणसाच्या हाताला किती जोर येतो, तुम्हाला कल्पना नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, नवी कानस घेऊन, नमुन्याची गोळी समोर ठेवून बसलो. साचा उघडायला गेलो. सूतभर उघडला आणि थांबला.

काकी पाणी भरून चालल्या होत्या, थांबल्या. "झाली काय चीर?"

मी काडी तेलात बुडवली, एक थेंब स्क्रूवर सोडला, एकच, आणि म्हटलं, "काकी, तेल जिरतंय."