माशांची एकूण संख्या

जबाब देणार: पाटीवाले. वय ५८. धंदा: पितळी पाट्या कोरणे. राहणार: घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या वरचा मजला.

ठाण्यात समक्ष हजर असून विचारल्यावरून सांगतो की, मी चोर नाही.

एका अमेरिकन कंपनीने एकच वर्ष एक उघड्या टपाची मोटार काढली होती. तिच्या मागच्या पंखांमुळे आम्ही हौशी मंडळी तिला 'मासा' म्हणतो. कंपनीचे दप्तर जळाल्याने एकूण मासे किती, हे कुणालाच ठाऊक नाही. बावीस वर्षे मी सांगाड्यावरचे अनुक्रमांक पातळ कागदावर पेन्सिल घासून उतरवतो, परदेशातले टपालाने मागवतो. आजवर ६१ मिळाले. सर्वांत लहान १०३, सर्वांत मोठा ४०९. शेवटच्या दोन-तीन गाड्या निसटल्या असतील, म्हणून ४१२ पर्यंत धरले. मोजणी १०१ पासून सुरू झाली असे मानून शंभर वजा केले, म्हणजे ३१२. मेहुणा येता-जाता विचारतो, "भावोजी, पहिल्या शंभर काय मांजराने पळवल्या?" त्यावरून मी त्याच्याशी दोनदा अबोला धरला आहे.

रविवारी जुन्या मोटारींच्या मेळाव्यात माशाची पाटी लागणार आहे. ती मीच कोरतो आहे. फक्त एकूण संख्येची जागा कोरी आहे. पितळेत चूक खोडता येत नाही, त्यामुळे आठवडाभर मला धड झोप नव्हती.

आज सकाळी साडेदहाला मोटारींच्या सीट शिवणाऱ्याने सांगितले की, एका निवृत्त गाणेशिक्षिकेच्या गॅरेजात मासा झाकून ठेवलेला आहे. मी तडक गेलो. घंटा तीनदा वाजवली. कुणी आले नाही. गॅरेजचे दार अर्धे उघडे होते. थांबायला हवे होते, हे कबूल. मी गाडीखाली शिरलो, गंज पुसला, कागद घासला. आकडा उमटला: १४.

मला हसू फुटले ते आवरेचना. बाईंनी बाहेरून कडी घालून आपल्या ठाण्यात फोन केला. इथे त्या म्हणाल्या, "चोराला मी भ्याले नसते हो. पण गाडीखाली एकटाच खदाखदा हसणारा माणूस?"

मी कागद दाखवला. बाई बाकावर बसल्या. "म्हणजे बाबांची गाडी चौदावी?" हे त्यांनी चार वेळा विचारले, मी चार वेळा सांगितले. त्यांनी तक्रार मागे घेतली. अट एकच, रविवारी गाडी मेळाव्याला न्यायची आणि ढकलायला मी यायचे.

तेव्हा मोजणी १ पासूनच होती, एकूण मासे ४१२. बावीस वर्षे मी चुकलो, आणि इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. एका सकाळीत शंभर मासे वाढले. त्यांतले नव्याण्णव अजून शोधायचे आहेत.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. एकूण संख्या सवयीने ३१२ सांगितली गेली होती, ती खोडून ४१२ केली व तिथे सही केली. साक्षीदार म्हणून मेहुण्याची सही आहे. त्याने ती माझ्या सहीच्या दुप्पट मोठी केली आहे, याला माझी हरकत नाही.