मारुतीआप्पांना विचारणार कोण?

बेळगुंदीचे आमचे मारुतीआप्पा तसे देवमाणूस, पण ते भेटायला आले की आजारी माणूस धडपडत उठून बसायचा. "आप्पा, अजून हाय मी!"

आप्पा नुसते हसायचे. त्यांना नेत्रदानाचं वेड होतं. गावात कुणी गेलं की ते आधी तिरडी बांधू लागायचे आणि मग हळूच घरच्यांपाशी डोळ्यांचा विषय काढायचे. त्या काळात हे कुणाला पटणार? नवरा वारला तेव्हा तुळसाक्कानं त्यांना अंगणातच अडवलं होतं. "पुढच्या जल्माला माझा मालक आंधळा यील! चला, निघा." आप्पा बाहेर गेले आणि मयतीची लाकडं गाडीत भरू लागले.

पुढं आप्पांची बायकोच गेली. आप्पा भिंतीला टेकून गप्प बसलेले. उशीर झाला तर डोळे उपयोगाचे राहत नाहीत, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. पण त्यांना विचारायला कुणाची जीभ रेटेना.

शेवटी तुळसाक्का जवळ जाऊन बसली. "आप्पा, वैनीच्या डोळ्यांचं काय करायचं?"

आप्पांनी मान वर केली. "द्यायचं की गं. लई येळ वाट बघतोय, कुणीतरी इचारंल म्हणून. माझं मलाच इचारवंना."