एक बादली पाणी द्या

...आणि वर मलाच विचारतात, "पाणी कशाला पायजे तुला?" अहो, पाणी शुद्ध करायचं मशीन विकतोय मी, पुण्याहून आलेल्या आमच्या साहेबांनी शिकवलंय, दारात हसायचं, एक बादली पाणी मागायचं आणि त्यांच्याच घरचं पाणी त्यांच्यासमोर स्वच्छ करून दाखवायचं... आता तुम्हीच सांगा, नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या सोलापुरात बादली मागायची? जुळे सोलापुरातली माणसं चहा देतील, शेंगाचटणी बांधून देतील, पण बादली? बाई बॅरलवर झाकण ठेवते, झाकणावर पाटा ठेवते आणि गोड हसून म्हणते, "बघू की."

"बघू की" म्हणजे नाही. हे कळायला मला सव्वीस दारं लागली. आधी मला वाटायचं, बघणार आहेत. परत जायचो, तर माझी पावलं ऐकून आतला टीव्ही गप.

तुम्हाला सांगतो, डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला तेव्हा वडील माढ्यात चार माणसांत म्हणाले, "महिन्यात एक मशीन विकून दाखव, न्हायतर गप काकाच्या रसवंतीवर येऊन बस." काका तर टपलेलेच. "नाव अभिमन्यू हाय, पण ह्याला आतच घेत न्हाईत कुणी." काकांनी स्वतः आयुष्यात काय विकलं, तर आज्याच्या शेतातला ऊस, अर्धा ग्लास बर्फ घालून. आणि हे मला धंदा शिकवणार.

आणि एक निवृत्त हेडमास्तर, चौथा मजला, लिफ्ट बंद. "बाळ, अपयश ही यशाची पायरी असते." सर, बहात्तर चढून आलोय, एक तरी यशाची निघायला पाहिजे होती की. पाऊण तास उपदेश, घोटभर पाणी विचारलं नाही, आणि शेवटी? "बघू की."

महिन्याचे तीन दिवस उरले तेव्हा डोकं सटकलं. म्हणलं, मागतच नाही पाणी. खोलीवरच्या बॅरलमधलं कॅनभर भरलं, एका खांद्यावर कॅन, एका खांद्यावर मशीन, आणि गेलो सुंदरम्मा अक्कांच्या दारात. विणकराचं घर, सत्तरीची बाई, डोळे सुईसारखे. अक्का उंबऱ्यात बसून सगळं बघतायत, स्वच्छ पाणी ग्लासात पडतंय, मी मनातल्या मनात वडिलांना फोन लावतोय... आणि अक्कांनी मशीनच्या दुसऱ्या नळीकडं बोट केलं. "हे कुटं चाललं?"

म्हणलं, "ते खराब, अक्का. मोरीत जातंय."

"खराब? लादी पुसायला खराब? एक घागर घालायची आन् अर्धी मोरीत? आमी सुताचं टोक टाकत न्हाई रे." मग उठताना, "बघू की."

जिन्यात बसलो. संताप असा, की मशीन खाली फेकावं. आणि तिथंच डोक्यात शिरलं. ते सव्वीस जण मला नाही म्हणतच नव्हते, सांडणाऱ्या पाण्याला म्हणत होते. कारण सांगितलं एकट्या अक्कांनी. साहेबांनी ते कधी विचारलं नाही, कारण त्यांचा नळ रोज चालतो. पण मी? मी तर बॅरलवरच वाढलोय. मला का कळू नये?

दुसऱ्या दिवशी नव्या पेठेतून झाकणाची बादली घेतली, दुसरी नळी तिच्यात सोडली आणि एक दिवस थांबून परत अक्कांकडं. मुद्दाम नळ यायच्या आदल्या दिवशी, बॅरलच्या तळातल्या पाण्याला वास सुटतो तेव्हा. तेच पाणी मशीनमध्ये घातलं. म्हणलं, "अक्का, हे प्यायला, हे लादीला. थेंब मोरीत न्हाई." अक्कांनी बादलीत बोट बुडवलं, ग्लास नाकाला लावला, प्यायल्या. मी वाट बघतोय, आता म्हणतील, आता म्हणतील...

"बसव. पण बादली हितंच ठिवून जायची."

बादली गेली, पण मशीन विकलं! माढ्याला फोन लावला. वडील म्हणाले, "एकच?" एवढ्यात काकांनी फोन ओढून घेतला, "आरं अभ्या, रसवंतीवर पाणी लई गढूळ येतंय बघ. घरचाच हायस, एक मशीन फुकट टाक की हितं. आन् यीऊनच जा आता कायमचा, तूच चालव."

मी उद्याच्या जिन्यांचा विचार करत होतो. दुसरी बादली आणायची होती.

म्हणलं, "बघू की, काका."